खालची

अमेरिकेतल्या सनीव्हेलच्या त्या बिल्डिंगमध्ये माझ्या डोक्यावर आठ महिने एक मूल राहत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. लाकडी बांधकाम, शेजारी कोणी शिंकलं तरी कळायचं. वरचं घर मात्र रिकामं वाटायचं. मी राहायला आले त्या आठवड्यात एकदाच वर धपधप झाली होती. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. वैतागून मी झाडूच्या दांड्याने छताला तीनदा ठोकलं. आवाज थांबला, तो कायमचा.

त्या काळात मी मुलांच्या हक्कांची पत्रकं लिहायचे. ‘मारणं म्हणजे वळण नव्हे!’ देसी दुकानाबाहेर उभी राहून वाटायचे, कोणी घेतलं नाही तर पिशवीत कोंबायचे.

मग एका दुपारी लाँड्रीत एक वहिनी भेटल्या. मराठी ऐकून हरखल्या. सोबत पाच वर्षांची मुलगी. ती चवड्यांवर चालत होती. सिमेंटच्या जमिनीवरसुद्धा टाच म्हणून टेकत नव्हती.

“आम्ही दोनशे सात. तुम्ही?”

“एकशे सात. तुमच्या खालीच की!”

मुलीच्या हातातला मोजा पडला. ती आईच्या मागे सरकली. “आई, खालची?”

वहिनी ओशाळल्या. “काही नाही हो. दंगा केला की आम्ही म्हणतो, खालची येईल. तुम्ही एकदा ठोकलं होतंत ना, तेव्हापासून इतकी शहाणी झालीये! काही म्हणजे काही त्रास नाही.”

संध्याकाळी मी वर गेले, भांडायलाच.

“दादा, पोर आहे ते, मांजर नाही!”

“ताई, एक कम्प्लेंट गेली की घर सोडावं लागेल,” तिचे वडील म्हणाले. “ऑफिसात रोज कोणी ना कोणी सामान खोक्यात भरून निघतोय. जॉब गेला की व्हिसा गेला. आणि आम्ही हात नाही लावत हां तिला. विचारा.”

खरंच लावत नव्हते. ठोकणारी मीच होते. मी मागे वळले, तर ती पाठीशी उभी. कधी आली, कळलंच नाही.

“रोज तासभर माझ्याकडे पाठवा,” मी म्हटलं. “माझ्याखाली कोणी राहत नाही. नाचू दे तिला. टाचा टेकू देत.”

दुसऱ्या दिवशी ती आली. मी धपाधप उड्या मारून दाखवल्या. ती चवड्यांवर उभी राहून कोपऱ्यातल्या झाडूकडे बघत होती.

“हाच?”

“हाच. चुकले मी. सॉरी.”

तेवढ्यात वरून पावलांचा आवाज आला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच. आता खालून तक्रार येणार नाही म्हणून वहिनी मोकळेपणी चालत असाव्यात. मुलीने झाडू उचलला, सोफ्यावर चढली आणि दांड्याने छताला ठोकलं. एक. दोन. तीन.

वरची पावलं जागच्या जागी थांबली.

ती कान देऊन ऐकत राहिली. मग माझ्याकडे बघून हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

“आता आई शहाणी झाली,” ती म्हणाली, आणि सोफ्यावरून धप्पकन खाली उडी मारली. दोन्ही टाचांवर.

वर कोणी हललं नाही.