कुंपणापर्यंतची धाव

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण ऊठसूट म्हणतो. पण कुंपणापर्यंत तरी तो एवढा जीव खाऊन का धावतो, हे सरड्याला कुणी विचारलेलं नाही. शाळेच्या क्रॉस कंट्री संघातल्या ज्या मुलीचं नाव सरडा पडलं होतं, तिलाही कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं.

क्रॉस कंट्री म्हणजे मैदानाला गोल गोल फेऱ्या नव्हेत. गावाबाहेरच्या माळावरून सुटायचं, झाडीच्या वळणावर खाली उतरायचं, ओढ्याच्या काठाने चिखल तुडवत जायचं, वीटभट्टीला वळसा घालायचा, गोदामांच्या लांबलचक भिंतीजवळ मागच्या रस्त्याला लागायचं आणि चढ चढून पुन्हा माळावर यायचं. एवढं सगळं करून हाती काय, तर एक केळं. सगळ्या शाळांच्या शर्यती इथेच होत, कारण एवढी मोकळी जागा दुसरीकडे उरलीच नव्हती.

सुटल्यापासून झाडीपर्यंत माळाला रस्त्याच्या बाजूने जाळीचं कुंपण होतं. तेवढ्या पट्ट्यात सरडा पहिली असे. नुसती पहिली नव्हे, इतकी पहिली की इतर शाळांच्या बाई एकमेकींना विचारत, ही कोण नवी? वळण आलं की कुंपण संपे आणि सरड्याचं अवसानही. ओढ्यापाशी निम्म्या मुली तिला मागे टाकत, वीटभट्टीपाशी उरलेल्या. गोदामांच्या भिंतीजवळ ती एकटी असे. पोटात कळ, छातीचा भाता झालेला, आणि मागून वाटेवरची निशाणं उपटत येणारा शाळेचा शिपाई. सगळ्यात मागची मुलगी गेल्याशिवाय त्याला निशाण काढता येत नसे आणि सगळी निशाणं काढल्याशिवाय घरी जाता येत नसे. पण माणूस भला. तिला घाई केल्यासारखं वाटू नये म्हणून उपटलेलं निशाण तो पुन्हा रोवायचा आणि पुन्हा उपटायचा.

खेळाच्या बाई तिला आरंभशूर म्हणत. सुरुवातीला दम राखलास तर मधल्या घोळक्यात सहज येशील, हे त्यांनी तिला प्रेमाने सांगून पाहिलं, रागाने सांगून पाहिलं, पाटीवर रेषा काढूनही सांगून पाहिलं. ती मान डोलवायची आणि पुढच्या शनिवारी पुन्हा बंदुकीतून सुटल्यासारखी सुटायची. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणून बाईंनी शेवटी नाद सोडला.

खरं कारण कुंपणापलीकडे उभं असे. तिचे बाबा शहर बसचे ड्रायव्हर. शनिवारी सकाळी शर्यत सुटायची आणि नेमकी त्याच वेळी बाबांची बस माळासमोरच्या थांब्यावर येऊन लागायची. तिच्या पहिल्या शर्यतीत मागच्या मुलींनी असा काही रेटा दिला की ती आपोआप पुढे फेकली गेली, आणि पडायला नको म्हणून धावत सुटली. बाबांनी ते पाहिलं. त्यांनी हॉर्न वाजवला, सीटवरून अर्धे उठले आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं सांगितलं की ती पुढची माझी. त्या संध्याकाळी ही हकिकत त्यांनी आईला तीनदा ऐकवली. शेजाऱ्यांना ऐकवली. वरच्या मजल्यावरचा शिंपी माप घ्यायला आला होता, त्यालाही सोडलं नाही.

बाबांना तोवर फुशारकी मारायला काही मिळालंच नव्हतं. बस वेळेवर पोचली तर लोक मुकाट उतरून जातात, उशीर झाला तरच तोंड उघडतात. असल्या नोकरीत माणसाची छाती फुगणार कधी? आता दर शनिवारी फुगू लागली. टोपलीवाल्या मावशी आणि काठी टेकत येणारे आजोबा मुद्दाम डावीकडच्या खिडक्या धरून बसू लागले. मुली हिला सरडा म्हणतात हे कळलं तेव्हा बाबा खूश होऊन म्हणाले होते, सरडा चपळच असतो.

आता हा फुगा फोडायचा कुणी? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ठरवून ती गप्प राहिली. संध्याकाळी बाबा विचारत, कशी झाली शर्यत? ती म्हणे, झाली. कितवी आलीस, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही, आणि ही देवाचीच कृपा असं तिला वाटे.

वर्षातली शेवटची शर्यत आली. यातले पहिले दोन संघ पुढच्या फेरीला जाणार होते. संघाचा हिशोब असा की सात जणी धावतात, त्यांतल्या पुढच्या पाच जणींचे क्रमांक धरतात, आणि ज्यांची बेरीज कमी तो संघ वर. म्हणजे आजवर सरडा कितवीही आली तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. ती संघाची स्टेपनी होती. पण त्या आठवड्यात एकीला ताप आला, दुसरीचा पाय मुरगळला, आणि उरल्या मोजून पाच. स्टेपनीला चाक व्हायची पाळी आली.

संघाची कॅप्टन लंबू. तिचं हे शाळेतलं शेवटचं वर्ष. शुक्रवारी कपडे बदलायच्या खोलीत ती बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाली, "सरडे, उद्या एकदाच कुंपण सोड. वीटभट्टीनंतर धाव. मला पुढच्या वर्षी धावायला मिळणार नाही गं."

लंबू रागावली असती तर बरं झालं असतं. हे असं मऊ बोलणं सरड्याच्या जिव्हारी लागलं. तिने शब्द दिला आणि घरी येईपर्यंत त्याचा पश्चात्ताप केला.

जेवताना तिने बाबांना सहज विचारल्यासारखं विचारलं की उद्या बस जरा लवकर नाही का नेता येणार? बाबा म्हणाले, वेळापत्रक काय माझ्या बापाचं आहे? शिवाय उद्या मावशी त्यांच्या बहिणीलाही घेऊन येणार आहेत, खास बघायला. हे ऐकून तिने हातातला घास ताटात परत ठेवला. आईने विचारलं, मीठ कमी आहे का? ती म्हणाली, नाही, बरोबर आहे.

सकाळी शिट्टी झाली आणि घोळका सुटला. सरड्याने दात-ओठ खाऊन स्वतःला मागे धरलं. धावण्यासाठी दात-ओठ खाणारे पुष्कळ असतात, न धावण्यासाठी खाणारी ती एकटीच असेल. कुंपणापलीकडे बस लागलेली होती. खिडक्यांतून माना बाहेर आल्या होत्या आणि सगळ्या माना पुढच्या मुलीकडे वळलेल्या होत्या. पुढे कुठलीतरी पिवळ्या बनियनमधली मुलगी होती. हॉर्न वाजला, पण अर्ध्यावरच थांबला. तो हॉर्न पूर्ण वाजला असता तर बरं, असं तिला वाटलं. तिने खाली मान घातली. कुंपणाची सावली पायांखालून सरकत होती आणि तिला रडू येत होतं.

वळण आलं, कुंपण संपलं, आणि एक नवलच घडलं. अवसान संपलं नाही. ओढ्याच्या चिखलात तिने दोघींना गाठलं. वीटभट्टीपाशी आणखी चौघींना, त्यांत ती पिवळी बनियनही होती, कमरेवर हात ठेवून उभी. सरड्याला तिची इतकी दया आली की ती थांबून दोन शब्द बोलणार होती. मग लंबूची आठवण झाली आणि ती पुढे निघाली. गोदामांच्या भिंतीजवळ तिला मागून पावलं ऐकू आली. आधी वाटलं शिपाई. वळून पाहिलं तर मुली! आपल्या मागे माणसं असतात तेव्हा कसं वाटतं हे तिला तोवर माहीतच नव्हतं. जरा घाबरायला होतं, पण बरं वाटतं.

चढ चढून ती माळावर आली आणि अगदी मधोमध, ना पुढे ना मागे, शेवटची दोरी ओलांडून गेली. लंबूने तिला उचललं. बाई टेबलाशी बसून बेरीज करू लागल्या, पुन्हा करू लागल्या. सरड्याने केळं सोललं, पण तिचं लक्ष केळ्यात नव्हतं. संध्याकाळी बाबांना तोंड कसं दाखवायचं, एवढं एकच डोक्यात होतं.

तेवढ्यात मागच्या रस्त्याकडून चढावर एक माणूस धावत येताना दिसला. अंगात ड्रायव्हरचा गणवेश, हातात टोपी, आणि चाल अशी की धावतोय की चालतोय हे ठरवणं कठीण. त्याच्या मागून, नेहमीच्या अंतरावर, निशाणांची मोळी घेतलेला शिपाई. बाबा वर पोचले, दोरीचा खांब धरला, आणि श्वास सापडेल तसं बाईंना विचारलं, "बाई, माझी मुलगी कुठे आहे? भिंतीपाशी नव्हती. दर वेळी असते. शेवटी, एकटी असते. आज तिथे भलतीच मुलगी होती. सुटतानाच मागे राहिली, तेव्हाच वाटलं मला, काहीतरी दुखतंय तिचं. पडली का कुठे?"

बाईंनी नुसतं बोट दाखवलं. बाबांच्या पाठीशीच सरडा उभी होती, हातात अर्धं केळं.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

बाबांनी आधी तिला डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहून घेतलं. हात-पाय जागच्या जागी आहेत अशी खात्री झाल्यावर ते म्हणाले, "माळासमोरचा रस्ता एकेरी आहे ना. स्टेशनवरून परतताना मला भिंतीजवळूनच यावं लागतं. तिथे मी गाडी हळू करतो."

"मग बसमध्ये काय सांगता?"

"जाताना सांगतो, पुढची माझी. येताना सांगतो, शेवटची माझी." बाबांनी टोपीने घाम पुसला. "प्रवासी वेगळे असतात."

ती हसायला गेली आणि रडली. इतके शनिवार ती बाबांसाठी फुगा सांभाळत होती आणि बाबा तिच्यासाठी. लंबूने गंभीर चेहऱ्याने बाईंच्या कानात सांगितलं की हिचा वेग कुणाकडून आला ते आता कळलं. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि संघ दुसरा आल्याचं जाहीर केलं, पण त्या गलक्यातही खालून हॉर्न ऐकू आला. बस रस्त्यात उभी होती आणि कुणीतरी प्रवासी ड्रायव्हरची वाट बघून बघून तो दाबत होता.

बाप-लेक चढ उतरून गेले. बाबांना आता धावता येत नव्हतं, म्हणून तीही सावकाश चालली. बसच्या साऱ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. सापडली का पोरगी, असं कुणीतरी विचारलं. मग परतीच्या फेरीतल्या एका आजी, ज्यांनी तिला दर शनिवारी त्या भिंतीजवळ पाहिलं होतं, खिडकीतून वाकून म्हणाल्या, "आज कुठली तुमची? आम्हाला दिसलीच नाही."

बाबांनी टोपी घातली, ती नीट केली, आणि साऱ्या बसला ऐकू जाईल असं सांगितलं, "मधली. आज मधली माझी."