टेबलाच्या टोकाची खुर्ची

शनिवार, संध्याकाळचा खेळ. हजर: सुलभाताई, देवधरकाका, आणखी चौघे आणि चित्रपट मंडळाची चिटणीस म्हणून मी.

सिनेमा जर्मन होता. नवऱ्यामागे कारखाना चालवणारी बाई. ती आली की सगळे उठून उभे राहतात. शेवटी लांबलचक टेबलाच्या टोकाला ती एकटीच सूप पिते आणि चमच्याचा आवाज तेवढा ऐकू येतो.

"बाई फार कडक हो," काका म्हणाले.

"तुम्ही साहेब होतात तेव्हा काय पेढे वाटायचात?" सुलभाताई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "यंदा अध्यक्ष तूच हो. कामं तर सगळी तूच करतेस."

मी "बघू" म्हणून खुर्च्या आवरल्या. हातात सत्ता आली की अशा सिनेमांतल्या बाईजवळची माणसं एकेक करून कमी होतात. माझ्याशी बोलणारी माणसं तर मंडळातली एवढीच.

घरी आमटीभात घेऊन नेहमीच्या बाजूला बसले. ह्यांची टोकाची खुर्ची ते गेल्यापासून रिकामीच होती. चमचा ताटलीला लागला, तो आवाज अगदी तसाच आला. एकटीनं जेवायला मला कुठलं पद लागलं नव्हतं.

सुलभाताईंना होकार कळवायचा राहिला आहे.