आतलं कधीही बदलेल

दुपारी ऐरोलीच्या ऑफिसात हेडफोन लावला की माझा तानपुरा सुरू व्हायचा आणि समोरचा स्क्रीन, एसी, मीटिंगची आमंत्रणं, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं. तानपुरा म्हणजे मी लिहिलेली लायब्ररी, इतर प्रोग्रामरनी आपापल्या ॲपमध्ये उचलून वापरायचा तयार कोड. बाहेरून एकच फंक्शन: पट्टी सांगा, तानपुरा वाजेल. आत मात्र प्रत्येक तारेची कंपनं, तारेखालच्या दोऱ्याची जागा, असलं सगळं जंजाळ. तिथे कोडमध्येच मी पाटी लावली होती: आतलं कधीही बदलेल, भरवसा ठेवू नका.

पाट्या वाचून थांबेल ती माझी ताई कसली! करंजाड्यात घरून काम करणारी ही प्रोग्रामर थेट आत शिरली. तारांचे, दोऱ्याचे आकडे हलवत, डोळे मिटून ऐकत तिने आईच्या तानपुऱ्याचा आवाज जुळवला. खरा तानपुरा आई गेली त्याच वर्षी तडकला होता. ताईने ऐकवलं तेव्हा मी तिच्या सोफ्यावर आडवा होतो. अर्धवट झोपेत वाटलं, आई आतल्या खोलीत गायला बसलीये. उठावंसंच वाटेना.

आणि नेमका तोच भाग मला बदलायचा होता. लोकांचे फोन तापत होते, आवाज तुटत होता. नवी पद्धत तयार होती, पण तिच्यात ताईच्या आकड्यांना काही अर्थच उरत नव्हता. जुनं तिच्यापुरतं ठेवावं, तर नव्या फोनवर ते चालणार नव्हतं. आतलं तिच्यासाठी गोठवलं असतं, तर बाहेरचं साधं फंक्शन सगळ्यांसाठी रखडलं असतं. मी चालढकल करत राहिलो. आईला पुन्हा एकदा घालवणं माझ्याच्याने होईना.

शेवटी ताईकडे जाऊन सांगून टाकलं.

"पाटी तूच लावलेलीस ना? मग टेन्शन कसलं घेतोस?" ताई म्हणाली. "आईपण रोज दोरा सरकवायचीच की. बदल तू."

नवा कोड चढवून ती पहिल्यापासून जुळवायला बसली. खिडकीतून वारा येत होता, मी डुलक्या घेत होतो. बऱ्याच वेळाने तिचा हात थांबला.

"ही आई नाही रे," ती म्हणाली.

आईच्या तानपुऱ्याचा आवाज लावून ताई इतके दिवस नुसती ऐकत बसायची, एक सूरही लावायची नाही.

आता नवा तानपुरा तसाच वाजत ठेवून तिने घसा खाकरला आणि ती गायला लागली.