डॉक्टरांनी उत्तरच दिलं नाही

ती केस अजून डोक्यातून जात नाही. ऐंशीच्या दशकातली, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधली. मी अमेरिकेच्या करखात्यात तपास अधिकारी होतो. खिशात बॅज, पण पोलीसगिरी सगळी कागदांवरची.

निनावी पत्र आलं: अमुक मराठी डॉक्टर पेशंटकडून रोख घेतात आणि लपवतात. बँकेचे कागद मागवले. दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांच्या खात्यात रोख रकमा जमा होत होत्या. घरी जाऊन विचारलं, तर डॉक्टर भडकले. "मी चोर वाटलो का तुम्हाला? मराठी माणूस असून असं विचारता?" पुढे एक शब्द नाही. मीही काही कमी तापट नव्हतो. शेरा मारला, 'सहकार्य नाही'.

प्रकरण टॅक्स कोर्टात गेलं. डॉक्टरांनी हट्टाने वकीलही केला नाही. आमच्या खात्याच्या वकीलबाईंनी त्यांना विधानांची यादी पाठवली: हे पैसे म्हणजे तुमचं उत्पन्न आहे, तुम्ही ते जाणूनबुजून लपवलं, वगैरे. अशी विधानं तीस दिवसांत लेखी नाकारली नाहीत, तर कोर्ट ती कबूल धरतं. उत्तर आलं नाही. बाईंनी समरी जजमेंटचा अर्ज टाकला, म्हणजे साक्षीपुरावा न घेता थेट निकाल. फसवणुकीचा ठपका बसला असता तर डॉक्टरांचं लायसन्स धोक्यात होतं.

काही तारखांची खात्री करायला मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो. दार डॉक्टरांच्या पत्नीने, वहिनींनी उघडलं. "साहेब, हे बोलायचे नाहीत. म्हणतात, असल्या घाणेरड्या प्रश्नांना उत्तर देणं हाच अपमान." आणि त्यांनी पावतीपुस्तकं माझ्यासमोर ठेवली. गणपतीची वर्गणी! इथल्या मराठी मंडळाचं बँकेत खातं नव्हतं, म्हणून खजिनदार या नात्याने डॉक्टरांनी ती स्वतःच्या खात्यात भरली होती. हॉलच्या भाड्याचे चेकही त्यातूनच गेले होते. सगळं जुळलं. मला अक्षरशः लाज वाटली. ऑगस्ट-सप्टेंबर बघून माझ्या डोक्यात गणपती येऊ नये?

"डॉक्टर," मी आतल्या खोलीकडे बघून ओरडलो, "इथल्या कोर्टात गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं!"

डॉक्टर बाहेर आले. चेहरा उतरला होता. "मला वाटलं, न बोलणं म्हणजेच नकार."

पावतीपुस्तकं घेऊन मी वकीलबाईंकडे गेलो. "पण केस आपण जिंकल्यात जमा आहे," त्या म्हणाल्या.

"असेल. पण त्यातलं एकही विधान खरं नाही."

त्या बराच वेळ पानं उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती कबुली मागे घ्यायचा अर्ज त्यांनी केला, तर मी विरोध करणार नाही."

न्यायाधीशांनी परवानगी दिली. डॉक्टरांनी प्रत्येक विधानापुढे स्वतःच्या हाताने 'नाकारतो' असं लिहिलं, आणि फसवणुकीचा आरोप मागे घेतला गेला. कोर्टाबाहेर त्यांनी माझा हात घट्ट धरला. बोलले मात्र तेव्हाही नाहीत.

चौकशीत गप्प बसणारा दोषीच, असं मी तोवर बेधडक धरत आलो होतो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, गप्प बसलेल्या माणसाच्या दारी पुन्हा एकदा गेल्याशिवाय मी फाईल बंद केली नाही.