तांदळाच्या डब्यातली फाईल
२०१७ साली मी पासष्ट वर्षांचा होतो. घटाच्या माळेतल्या झेंडूचा वास आला की ते नवरात्र अजून डोळ्यांपुढं येतं. तांदळाच्या डब्यात बायकोची दवाखान्याची फाईल सापडली. माझी शाळा तिसरीपर्यंतच, म्हणून सुनेला वाचायला लावली. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी दोन महिन्यांपासून बायकोच्या अंगावरून पुन्हा रक्त जात होतं. सोनईच्या बाजाराचं नाव सांगून ती आणि सून दोघी श्रीरामपूरला दवाखान्यात जायच्या. कॅन्सर आहे का, हे बघायला गर्भपिशवीचा तुकडा तपासायला दिला होता. चाळीस वर्षांचा संसार, अन् मलाच परक्यासारखं बाहेर ठेवलं! "मी काय मेलो हुतो का?" मी ओरडलो. बायको घटाला माळ बांधत होती. ती शांतपणे म्हणाली, "तुमाला सांगितलं असतं, तर तुमी आदी मला या घटापासून उठवलं असतं. दवाखान्याचं मागनं बघितलं असतं." खरंच, मी तेच केलं असतं. राग मात्र उतरला नाही, आजही पुरता उतरलेला नाही. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. सकाळी मी फाईल काखेत मारली आणि श्रीरामपूरच्या एसटीत खिडकीजवळ रुमाल टाकून तिची जागा धरली.