काळे करून ये

कार्यकर्ती म्हणून सभेत पत्रक वाटायला गेले की लोक आधी माझ्या डोक्याकडे बघतात, मग पत्रकाकडे. माझे केस तांबूस भुरे आहेत, जन्मापासून. आईचेही. आम्ही तलावात मासे धरणारी माणसं. उन्हा-पाण्यानं तो रंग आणखी उडतो. अशा केसांची मुलगी वाया गेलेली असते, हे ज्ञान मला गावात मिळालं नाही. ते शिकलेल्या माणसांनी दिलं.

बारावीनंतर ब्रह्मपुरीच्या कॉलेजात नाव घातलं. वसतिगृहात जागा मिळाली तरच शिकणं होतं, कारण आमच्याकडची शेवटची जीप प्रॅक्टिकल सुटायच्या आत निघून जायची. अधीक्षिका मॅडमनी मार्कशीट उघडलीसुद्धा नाही. केस रंगवणाऱ्या मुलींना प्रवेश नाही म्हणाल्या. असल्या मुलींमागे फाटकावर मोटारसायकली येतात, हा त्यांचा अभ्यास.

सोबत आलेल्या आईनं तिथंच अंबाडा सोडला. "बाई, पोरीनं काई लावलं नाई. हे पाहा, माहे बी असेच हायेत."

"म्हणजे दोघीही रंगवता," मॅडम म्हणाल्या. शिपाई हसला. केस नीट काळे करून आणले तर विचार करू, असा निकाल लागला.

रस्त्यानं आई एकच विचारत होती, "रंगवाले मनाई हाये, मंग रंगवून ये काऊन म्हनते ते?" आता मी दोन तास भाषण देते, त्याची सुरुवात याच प्रश्नानं करते.

बसस्टँडच्या नळावर तिनं काळ्या मेंदीचं पाकीट कालवलं. जन्मात कधी न केलेलं काम. केसांबरोबर माझे कानही काळे झाले. परत गेलो तेव्हा मॅडम खूश. आता कशी साध्या घरची दिसतेस, म्हणाल्या. कान त्यांना दिसले नाहीत. चारित्र्य तेवढं दिसलं.

दिवाळीनंतर भांगात तांबडं उगवलं आणि त्यांनी मला खोलीत बोलावलं. आता सामान बांधावं लागणार, असं समजून गेले. मॅडमनी दार लावलं, कपाटातून अर्धं वापरलेलं पाकीट काढलं.

"मुळं दिसून राह्यली तुझी. माझ्यातलं उरलंय, लावून घे. बाहेर बोलू नकोस."

पहिल्यांदाच त्यांचा भांग जवळून पाहिला. केसांची मुळं पांढरी होती. परीक्षा तोंडावर होती. मी पाकीट घेतलं, आणि वसतिगृहाचा नियम पाळण्यासाठी तीन वर्षं तो मोडत राहिले.