पाहुण्यांचं पाणी

लग्न होऊन मी खानापूरकडून जोयड्याच्या रानात आले, तेव्हा सासरचं पहिलं काय आठवत असेल तर तो रहाटाचा आवाज. परसात फणसाखाली विहीर होती. सकाळी धुकं एवढं दाटायचं की विहीर दिसायचीच नाही, नुसता रहाट कुरकुरायचा. अंथरुणात पडल्या पडल्या मला वाटायचं, कुणीतरी धुकंच घागरी भरभरून उपसतंय. सुप्याच्या धरणाखाली खालची गावं जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. रानात पाण्याबद्दल बोलणारी माणसं आवाज जरा खाली आणूनच बोलायची.

रहाट ओढणारी माझी सासू. तिला आम्ही आत्ती म्हणायचो. ती विहीर तिनं आणि माझ्या सासऱ्यांनी दोघांनीच खणलेली. सासरे खाली उतरून खणायचे आणि ती पोटुशी असताना वरून मातीच्या पाट्या ओढायची. सासरे गेले तरी ती विहिरीशी बोलायची. मला तर सुरुवातीला वाटलं, म्हातारीला भास होतात. पुढं मीही बोलायला लागले.

घरात पाणी दोन प्रकारचं. विहिरीचं घरच्यांना, आणि वरच्या कड्यातून येणाऱ्या झऱ्याचं पाहुण्यांना. दारात कुणी आलं की आत्ती कळशी घेऊन चढण चढायची. "पावण्याला वाहतं पाणी द्यावं. साठवणीचं घरच्यांनी प्यावं," हा तिचा कायदा. उळवीच्या जत्रेला निघालेले गाडीवाले ओट्यावर टेकले, की मला दिवसभर चढउतार करावी लागे. मी मनातल्या मनात सगळ्या यात्रेकरूंना शिव्या घालायची.

आमच्या वरच्या अंगाला, झऱ्याच्या कड्यापासून दूर, एक बंद शेड होती. मी यायच्या आधी तिथं सरकारी माणसांनी डोंगरातला युरेनियमचा दगड आणून भरडून, अॅसिडात धुऊन पाहिला होता. मनासारखं निघालं नाही, तेव्हा यंत्रं उचलून ते गेले. मागं राहिला धुतल्या दगडाचा फिकट गाळ, वर मातीचं पांघरूण घातलेला. त्यावर इतकं कोवळं गवत यायचं की संध्याकाळच्या उन्हात तो ढीग झोपलेल्या जनावरासारखा दिसे. गाळातलं काही जमिनीखालच्या पाण्यात मुरतंय का, हे बघायला एक माणूस जीपमधून येई. धारवाडकडचा, मोडकं मराठी बोलणारा. आम्ही त्याला पाणीवाला म्हणायचो.

तो आधी बऱ्याच बादल्या उपसून ओतून द्यायचा, कारण थांबलेलं पाणी खरं सांगत नाही म्हणे. मग बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, दोन थेंब औषध टाकून बूच लावायचं. आत्ती ओट्यावरून बघत बसे. "नदीचं मूळ आन ऋषीचं कूळ इचारू न्हाई म्हंत्यात," ती म्हणे, "आन ह्यो बाबा तेवढंच इचारत हिंडतोय." पण चहा त्याला झऱ्याच्याच पाण्याचा.

पावसाळ्यात ओढे भरले की जीप येत नसे. तेव्हा तो रिकाम्या बाटल्या आमच्याकडे ठेवून जाई. आत्तीनं त्या भरायच्या आणि माझ्या नवऱ्यानं जोयड्याला पोचवायच्या. बाटल्यांना ती मला हात लावू देत नसे. डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन पावसात निघायची. मला वाटे, कुठली अळंबी शोधायला गेली असेल.

एका उन्हाळ्यात पाणीवाला आला तो बाटल्या न घेताच. ओट्यावर बसला, टोपी काढली.

"अव्वा, ह्या बावीचं नीर कुडीबेड्री. प्यायचं नाही आता."

आत्ती विहिरीपाशीच उभी होती. तिचा हात तेवढा रहाटाच्या दोरावर गेला. मलाच राहवेना. मी म्हटलं, पावसाळ्यातलं पाणी तर चांगलं आलं होतं ना? तो म्हणाला, तेच तर कोडं आहे. पावसानं पाणी पातळ होतं, ठीक. पण हे पातळ नाही, हे दुसऱ्याच विहिरीचं वाटतं.

"दुसरंच हाय ते," आत्ती म्हणाली. "वरच्या झऱ्याचं."

"का, अव्वा?" त्यानं विचारलं.

"आमचं पाणी परगावी जाणार, चार शिकली माणसं तपासणार. रोजचं कसं लावून देऊ? पोरगी दाखवायची तर काय शेणाच्या हातानं उभी करत्यात व्हय?"

त्यानं कपाळावर हात मारला. मग हसायला लागला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. मीही हसले. आत्ती मात्र हसली नाही. तिला त्यात चुकलेलं काहीच दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही मला पुरतं दिसत नाही. आम्हाला चांगलं पाणी कुठून द्यावं याचा त्याच्या ऑफिसात खल चालला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. झऱ्याचं पाणी तर आत्तीनं केव्हाच तपासून घेतलं होतं. त्यानं ते उन्हाळ्यातही एकदा स्वतः भरून नेलं, आणि पुढं कड्यावरून आमच्या दारापर्यंत पाइप आला.

विहिरीच्या कठड्यावर लाल फुली आली.

मला वाटलं, आत्ती आता रहाटाकडे बघणारही नाही. पण पाणीवाल्यानंच तिला सांगितलं, उपसा ठेवा, अव्वा, नाहीतर विहीर खोटं बोलेल. मग ती रोज सकाळी धुक्यात रहाट ओढायची आणि पाणी पन्हळीतून लांब सोडून द्यायची. ते आम्ही कुणी पीत नव्हतो, जनावरांना देत नव्हतो. तरी आवाज तोच यायचा, आणि अर्धवट झोपेत मला काहीच बदललं नाही असं वाटायचं. प्रत्येक खेपेला ती पाणीवाल्याला विचारी, "उतरला का बावीचा ताप?" तो म्हणे, उतरतोय, हळूहळू. "मरायच्या आधी माझ्या बावीचं पाणी पिणार मी," ती म्हणायची. तो मान हलवून बाटलीचं बूच घट्ट करत बसे. त्याच्या मनात काय होतं ते मला कळायचं, आणि फार वाईट वाटायचं.

ती गेली ती उळवीच्या जत्रेच्या दिवसांत. दुपार होती, रस्त्यावरून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. बोलणं जवळजवळ संपलं होतं. मी पळीनं तोंडात पाणी घातलं. तिनं ते जिभेवर धरलं, डोळे उघडले.

"हे पावण्यांचं हाय," म्हणाली. मग जरा थांबून, "मी पावणी हाय व्हय गं?"

नवरा माझ्याकडे बघत होता. मी उठले, परसात गेले. फणसाखाली गार होतं. रहाट कुरकुरला आणि दोर खाली खाली जात राहिला. पाणी वर आलं तेव्हा त्यात फणसाची पानं हलत होती. लाल फुलीवर हात टेकूनच मी तांब्या भरला.

एक पळी तिच्या ओठांत सोडली. तिनं ती लगेच गिळली नाही. गालात घोळवली, लहान मूल घोळवतं तशी.

"उतरलाय ताप," ती म्हणाली.

मागच्याच खेपेला पाणीवाल्यानं मला बाजूला घेऊन नाही म्हणून मान हलवली होती.

"व्हय, आत्ती," मी म्हटलं.